साहित्याचा विद्यार्थी आणि खर्चाची वही

बारावीचा निकाल लागला की वर्तमानपत्रांच्या 'करिअर विशेष' पुरवण्या निघतात. त्यांत अभियांत्रिकीला दोन पाने असतात, वैद्यकाला एक, वाणिज्य आणि व्यवस्थापनाला मिळून एक. आणि शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात 'कला शाखेतही संधी आहेत' अशा धीर देणाऱ्या मथळ्याखाली दहा-बारा ओळी असतात. भाषा-साहित्य शिकू इच्छिणाऱ्याच्या वाट्याला त्यांतल्या दोन येतात: पत्रकारिता, भाषांतर, स्पर्धा परीक्षा इ. हे 'इ.' फार बोलके आहे. महाविद्यालय कोणते निवडावे, त्यासाठी किती खर्च करावा आणि त्या खर्चातून नेमके काय पदरात पडते, हे प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्याला पडतच नाहीत असे गृहीत धरूनच ही पुरवणी छापलेली असते.

प्रत्यक्षात ते पडतात, आणि त्यांची उत्तरे दोन टोकांची मिळतात. एक उत्तर असे की, 'मोठ्या शहरातल्या नामांकित महाविद्यालयात जा, नावाला किंमत असते.' दुसरे असे की, 'साहित्य काय, कुठेही वाचता येते. जवळच्या कॉलेजात नाव घाल आणि मोकळा हो.' पहिले उत्तर अभियांत्रिकीची मोजपट्टी साहित्याला लावते. दुसऱ्याला साहित्याचे शिक्षण असे काही असते हेच मान्य नाही. आमच्या मते दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, आणि त्यांची किंमत मोजावी लागते ती हातात पैसे कमी असलेल्यांना. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. साहित्याच्या शिक्षणात पैसे देऊन मिळवायची मुख्य गोष्ट म्हणजे वाचण्याचा वेळ. तीन-चार वर्षे रोज काही तास निर्वेधपणे वाचता येणे, त्या वेळात हाताशी ग्रंथालय असणे आणि वाचलेल्याविषयी प्रश्न विचारता येईल असा एखादा शिक्षक असणे, एवढ्यासाठीच महाविद्यालय हवे. सगळा खर्च भागवून ज्या महाविद्यालयात असा वेळ अधिक उरेल ते आपले महाविद्यालय. त्याचे नाव काय आहे हा प्रश्न त्यानंतरचा.

आधी खर्चाचा विचार करू. महाराष्ट्रात 1983 साली विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना वाट मोकळी झाली आणि तेव्हापासून 'फी' हा शब्द घराघरांतील धास्तीचा झाला. कला शाखेचे तसे झाले नाही. अनुदानित तुकडीत मराठी घेऊन बी. ए. करणाऱ्याचे शिक्षण शुल्क आजही बहुतेक ठिकाणी एकूण खर्चातला सर्वांत लहान आकडा असतो. मात्र एकाच इमारतीत, एकाच व्हरांड्यात अनुदानित आणि विनाअनुदानित अशा दोन्ही तुकड्या भरतात आणि दोन्हींच्या शुल्कात मोठा फरक असतो, हे अनेक पालकांना प्रवेशाच्या खिडकीपाशी उभे राहिल्यावर कळते. तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारावा: आपल्याला हव्या असलेल्या विषयाची तुकडी अनुदानित आहे की नाही?

शुल्काच्या पुढे खरा खर्च सुरू होतो. कॉट बेसिसवर घेतलेली खोली, खोलीची अनामत रक्कम, खानावळ किंवा डबा, गावी जाण्या-येण्याचे भाडे, आणि खोलीत चौघे राहत असल्याने वाचता येत नाही म्हणून लावलेली अभ्यासिका. ही शेवटची बाब आम्हांस नेहमी चमत्कारिक वाटते. ज्या शहरात शिकायला यायचे त्या शहरात बसायला जागा मिळावी म्हणून पुन्हा दरमहा पैसे भरायचे, याचा अर्थ महाविद्यालयाने द्यायची वस्तू बाजारातून विकत घ्यायची. खर्चाच्या वहीत ही सगळी कलमे पहिल्याच दिवशी लिहावीत. शिष्यवृत्तीचे कलमही लिहावे. परंतु ते जमेच्या बाजूला लिहिताना ती रक्कम पुष्कळदा वर्ष सरत आल्यावर खात्यात पडते हे लक्षात ठेवावे. जून-जुलैची अनामत शिष्यवृत्तीच्या भरवशावर भरता येत नाही.

आता हाच हिशेब पैशांऐवजी तासांत मांडून पाहू. समजा, एक विद्यार्थिनी तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याच्या ठिकाणी रोज एस. टी.ने जाते, जायला दीड तास, यायला दीड तास. वर्षाचे 180 दिवस धरले तर 540 तास प्रवासात गेले. चारशे पानांची कादंबरी नीट वाचायला बारा तास लागतात असे मानले तर ही पंचेचाळीस पुस्तके झाली. आकडा दचकवणारा आहे. परंतु तिच्याच वर्गातला एक मुलगा मोठ्या शहरातल्या नामांकित महाविद्यालयात गेला आणि खोलीभाड्यासाठी त्याला रोज चार तास दुकानात किंवा कॉल सेंटरात काम करावे लागले, तर महिन्याचे पंचवीस दिवस आणि वर्षाचे दहा महिने धरून हजार तास होतात. म्हणजे त्र्याऐंशी पुस्तके. शिवाय एस. टी.त बसायला जागा मिळाली तर निदान वाचता तरी येते. दुकानाच्या गल्ल्यावर बसून ते जमत नाही. ज्या महाविद्यालयाच्या नावासाठी हे हजार तास दिले ते नाव तेवढ्या मोलाचे आहे काय, हा प्रश्न विचारण्याचा हक्क त्या मुलाला आहे. तो प्रश्न कोणी त्याच्यापुढे ठेवत नाही, हे आमचे दुःख आहे.

अर्थात नुसता वेळ पुरत नाही. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' 1963 साली आली. तिच्यातला पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला जातो, वसतिगृहात राहतो, वडिलांचे पैसे खर्च करतो आणि अखेर गावी परततो. अस्तित्ववादापासून देशीवादापर्यंत या कादंबरीची अनेक वाचने झाली. पण ती महाविद्यालयीन शिक्षणाच्या जमाखर्चाची वही म्हणूनही वाचता येते, याकडे आमच्या वर्गांत फारसे लक्ष दिले जात नाही. पांडुरंगाजवळ पैसा आहे आणि वेळ तर भरपूर आहे. त्या वेळाला आकार देईल अशी संस्था मात्र त्याला भेटत नाही. शहर, वसतिगृह, स्नेहसंमेलने, मंडळे सगळे असूनही तो रिकामाच राहतो. महाविद्यालय निवडणाऱ्याने या कादंबरीतून एवढे घ्यावे की शहर आपोआप काही शिकवत नाही.

संस्था वेळाला आकार देते ती दोन गोष्टींनी, शिक्षकांनी आणि ग्रंथालयाने. या दोन्हींची चौकशी प्रवेशापूर्वी करता येते, आणि ती माहितीपत्रकावरून करू नये. विभागात जाऊन विचारावे: मराठीचे पूर्णवेळ शिक्षक किती आहेत आणि तासिका तत्त्वावरचे किती? तासिका तत्त्वावरचे शिक्षक कमी प्रतीचे असतात असे मुळीच नाही. अनेक ठिकाणी विभाग त्यांच्याच जिवावर चालतो. परंतु ज्या शिक्षकाला तासागणिक मानधन मिळते आणि तेही वेळेवर मिळत नाही, त्याला तास संपताच दुसऱ्या महाविद्यालयाची वाट धरावी लागते. तास संपल्यावर व्हरांड्यात उभे राहून अर्धा तास बोलणारा शिक्षक हे साहित्याच्या शिक्षणातले सर्वांत मोठे ग्रंथालय असते, आणि व्यवस्थेने नेमके तेच बंद करून टाकले आहे. पूर्णवेळ शिक्षकांची संख्या विचारायची ती एवढ्यासाठी.

मग ग्रंथालयात जावे. तिथे मुक्तद्वार पद्धत आहे की चिठ्ठी लिहून खिडकीतून पुस्तक घ्यावे लागते? एका वेळी किती पुस्तके घरी नेता येतात? 'सत्यकथा', 'आलोचना', 'अनुष्टुभ्', 'अस्मितादर्श' यांचे जुने अंक बांधून ठेवले आहेत काय? गेल्या वर्षी घेतलेली मराठीची पुस्तके कोणती, आणि त्यांत अपेक्षित प्रश्नसंच व गाईडे किती? ग्रंथालय सायंकाळी किती वाजता बंद होते? ग्रंथपालांशी पाच मिनिटे बोलले तरी या महाविद्यालयात वाचणारी माणसे आहेत की नाहीत ते कळते.

महाविद्यालयाच्या भिंतीबाहेरची ग्रंथालयेही या हिशेबात धरली पाहिजेत, आणि इथे 'पुणे-मुंबईवाचून गती नाही' हा समज पुष्कळ सैल होतो. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 सालचे आहे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय 1840 चे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर 1850 चे. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. नागपुरात 1923 साली स्थापन झालेला विदर्भ साहित्य संघ आहे. या गावांत राहून साहित्याचा गंभीर अभ्यास करता येतो, आणि तो करणारी माणसे होऊन गेली आहेत. पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या ग्रंथसंग्रहांची थोरवी आम्ही नाकारत नाही. परंतु तिथवर पोहोचायला बी. ए.च्या पहिल्या वर्षाची निकड नसते. ती गरज एम. ए.ला आणि संशोधनाला लागते.

मानांकनांविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. नॅकची स्थापना 1994 साली झाली. केंद्राची एनआयआरएफ क्रमवारी 2016 पासून प्रसिद्ध होते. यांचा उपयोग नाही असे नाही. पण नॅक संस्थेचे मूल्यमापन करते, तिच्या मराठी विभागाचे नव्हे; आणि क्रमवारीत संशोधन, पदवीनंतरची फलनिष्पत्ती, लोकमत अशा निकषांवर संपूर्ण महाविद्यालय तोलले जाते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेमुळे उंचावलेली श्रेणी मराठीच्या विद्यार्थ्याला काय देणार? 'आमच्या महाविद्यालयाला अमुक श्रेणी आहे' हे वाक्य ऐकले की त्याने नम्रपणे विचारावे, 'आणि मराठी विभागाला?'

नाव आणि कार्य यांचे नाते उलटेही असू शकते, याचे उदाहरण आपल्याच वाङ्मयेतिहासात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली औरंगाबादेत (आजच्या छत्रपती संभाजीनगरात) महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. त्या काळच्या 'नामांकित'च्या यादीत ते बसले नसते. परंतु तिथे वसतिगृह होते, ग्रंथालय होते, आणि म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे यांच्यासारखे शिक्षक त्याच्याशी जोडलेले होते. मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेल्या मुलांना तिथे राहायला जागा, वाचायला वेळ आणि लिहिलेले दाखवायला माणूस मिळाला. दलित साहित्याच्या चळवळीची एक प्रमुख भूमी त्या परिसरात तयार झाली. साहित्याच्या विद्यार्थ्याने महाविद्यालयाकडून काय मागावे, याचे याहून स्पष्ट उत्तर आम्हांस ठाऊक नाही.

आता 'करिअर'चा प्रश्न. हा शब्द साहित्याच्या वर्गात उच्चारणे काहींना कमीपणाचे वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. ज्याच्या घरी तीन वर्षांच्या शिक्षणासाठी शेताचा तुकडा गहाण पडतो त्याला 'साहित्य हे साधनेचे क्षेत्र आहे' असे सांगणे हा उद्धटपणा आहे. उद्दिष्ट ठरवावे, आणि त्याप्रमाणे महाविद्यालयाला विचारायचे प्रश्नही बदलावेत.

प्राध्यापक व्हायचे असेल तर वाट लांब आहे हे पहिल्याच वर्षी जाणून घ्यावे. 1 जुलै 2023 पासून लागू झालेल्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दुरुस्तीनुसार सहायक प्राध्यापकपदासाठी नेट किंवा सेट ही किमान अर्हता आहे, पीएच. डी. ऐच्छिक आहे. पण अर्हता मिळवणे आणि नेमणूक मिळणे यांत मोठे अंतर आहे, आणि त्या अंतरात अनेकांची उमेदीची वर्षे तासिका तत्त्वावर जातात. ज्याला तरीही हीच वाट धरायची आहे त्याने बी. ए. घराजवळ, काटकसरीने करावे आणि वाचवलेला पैसा एम. ए.साठी विद्यापीठाच्या विभागावर खर्च करावा. कारण संशोधनाची शिस्त, मोठा ग्रंथसंग्रह आणि वेगवेगळ्या मतांच्या शिक्षकांचा सहवास तिथे मिळण्याची शक्यता अधिक असते. महाराष्ट्राबाहेर गोवा विद्यापीठ आणि बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ इथेही मराठीचे अध्ययन होते, हेही ध्यानात असावे.

शाळेत शिकवायचे असेल तर पुढे दोन वर्षांचे बी. एड. आणि शिक्षक भरतीच्या परीक्षा आहेत. त्या दोन वर्षांचा खर्च आजच वहीत लिहावा, म्हणजे पदवीवर सगळी गंगाजळी संपणार नाही. स्पर्धा परीक्षा द्यायची असेल, तर संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेला मराठी साहित्य हा वैकल्पिक विषय घेता येतो. मूळ ग्रंथ वाचून घेणारा विभाग त्यासाठीही उपयोगी पडतो, त्याकरिता वेगळ्या झगमगाटाची आवश्यकता नाही. भाषांतर, संपादन, प्रकाशन, वृत्तपत्रे, दृक्‌श्राव्य माध्यमांसाठीचे लेखन यांकडे ओढा असेल तर मात्र मोठ्या शहराचा खर्च सार्थ ठरू शकतो, कारण ही कामे ओळखीतून आणि उमेदवारीतून मिळतात. अशा विद्यार्थ्याने दुसरी एखादी भाषा उत्तम शिकवणारे महाविद्यालय पाहावे. एकच भाषा येणाऱ्याला भाषांतरकार होता येत नाही.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आणखी एक प्रश्न वाढवला आहे. आता चौथे वर्ष करून ऑनर्स पदवी घेता येते. परंतु ते वर्ष प्रत्येक महाविद्यालयात आणि प्रत्येक विषयात चालतेच असे नाही. प्रथम वर्षाला प्रवेश घेतानाच विचारावे: इथे मराठी हा मुख्य विषय म्हणून शेवटपर्यंत मिळेल काय, आणि चौथे वर्ष इथेच होईल की गाव बदलावे लागेल?

यावर एक रास्त आक्षेप येईल, आणि तो आम्ही टाळू इच्छित नाही. 'तुमच्या हिशेबाप्रमाणे गरिबाचा मुलगा तालुक्यात राहील आणि मोठ्या शहरांतली चांगली महाविद्यालये सधनांनाच मोकळी राहतील. घर सोडणे हेही शिक्षण नाही का?' आहे. मुलींच्या बाबतीत तर ते अधिकच खरे आहे. कित्येक घरांत मुलाला खाजगी अभियांत्रिकी आणि मुलीला जवळचे कला महाविद्यालय अशी वाटणी ठरलेली असते, आणि तिचे महाविद्यालय कोणते हे परतीची शेवटची एस. टी. अंधार पडायच्या आत गावात येते की नाही यावर ठरते. याला निवड म्हणणे कठीण आहे. 2024-25 पासून राज्य शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल व मागास घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले, हे चांगलेच झाले. परंतु कला शाखेच्या मुलीची अडचण शुल्काची नसून राहण्याची आहे.

म्हणून आमचे उत्तर वसतिगृह हे आहे. शाहू महाराजांनी 1901 साली कोल्हापुरात वसतिगृहांचा पाया घातला. 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या भाऊराव पाटलांनी वसतिगृह आणि 'कमवा आणि शिका' यांची सांगड घातली. शिक्षणाचा खरा खर्च राहण्या-जेवण्याचा असतो, हे या दोघांना शंभर वर्षांपूर्वी कळले होते. आजच्या विद्यार्थ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. वसतिगृहात जागा मिळत असेल, किंवा स्वाधार, स्वयं, पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता यांसारख्या योजनांतून राहण्याचा खर्च भागत असेल, तर बेलाशक दूरचे महाविद्यालय निवडावे. तसे नसेल तर बी. ए.ला जवळचे, आणि एम. ए.ला घर सोडण्याची तयारी आजपासून. महाविद्यालय निवडताना प्रवेश अर्जाआधी वसतिगृहाचा अर्ज पाहावा, असे आम्ही म्हणू.

शेवटी शिक्षकमित्रांना एक विनंती. प्रत्येक मराठी विभागाने दर मे महिन्यात एक पान प्रसिद्ध करावे. त्यावर पूर्णवेळ व तासिका शिक्षकांची संख्या, शिकवले जाणारे विषय, वर्षभरात घेतलेली मराठी पुस्तके, ग्रंथालयाची वेळ, वसतिगृहातील जागा आणि गेल्या पाच वर्षांतले विद्यार्थी आज काय करतात हे खरेखरे लिहावे. या पानाला खर्च काही नाही. काही विभागांना ते लिहिताना संकोच वाटेल; तो संकोच प्राचार्यांपर्यंत आणि संस्थाचालकांपर्यंत पोहोचला तर रिक्त पदांविषयी बोलायला निमित्त मिळेल. आणि बारावी झालेल्या मुलीला पुरवणीतल्या त्या 'इ.'च्या जागी वाचण्यासारखे काहीतरी मिळेल.